चार किलो सहाशे

बाबांनी पिठाचा गोळा तोडला, काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, चिमटीभर पीठ काढून घेतलं आणि गोळा पुन्हा काट्यावर ठेवला. साठ ग्रॅम. मग तो ट्रेमध्ये मांडला आणि पुढचा तोडला.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभी राहून मिली बघत होती. एका गोळ्याला अकरा सेकंद. एरवी बाबा अकरा सेकंदांत पाच गोळे तोडायचे, तेही काउंटरवरच्या आईशी वाद घालत, पिठाकडे न बघता.

"अशानं दुपारचे पाव उद्या सकाळी निघतील," आई काउंटरवरून म्हणाली. "गिऱ्हाइकांना काय सांगू, आता आमच्याकडे सोनाराचा माल मिळतो म्हणून?"

एरवी यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, आणि ते आईच्या माहेरापर्यंत जाऊन यायचं. आज ते एवढंच म्हणाले, "सोमवारपासून नवा कारागीर येतोय. तो करेल भराभर."

"आणि तुम्ही?"

"मी काउंटरवर बसेन. पाव मोजून पिशवीत घालायला हाताचा अंदाज कशाला लागतो?"

आईने पावाच्या पिशव्यांची चळत उचलून पुन्हा तिथेच ठेवली. एवढ्यावर सोडणारी ती नव्हती. मिली तशीच वर निघून गेली.

आज गुरुवार होता. सोमवारला चार दिवस होते. मापट्याला जाऊन वीस दिवस झाले होते, आणि खरं काय झालं हे मिलीला कळल्यालाही जवळजवळ तेवढेच. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मापट्या म्हणजे त्यांचा बोका. दहा वर्षांपूर्वी तो पिठाच्या पोत्यामागे सापडला, तेव्हा पीठ मोजायच्या मापट्यात अख्खा मावला, म्हणून त्याचं नाव मापट्या. पुढे तो मापट्यातच काय, पिंपातही मावेना. त्याला खाली बेकरीत मज्जाव होता, वरच्या दोन खोल्यांत त्याचं राज्य होतं. मिली त्याच्याशी खेळायची, आई त्याला शिव्या द्यायची, आणि तो झोपायचा मात्र बाबांच्या पोटावर.

मिली वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुकानांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे काटे तिथे यायचे. त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवून काटा किती खरं बोलतो ते बघायचं, खोटं बोलत असेल तर त्याला वळण लावायचं आणि प्रमाणपत्रावर सही करायची, हे तिचं काम. एक मिलीग्रॅम इकडचा तिकडे झाला तरी ती सही करत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी तिचं नाव मिलीग्रॅम ठेवलं. घरी पोचेपर्यंत त्याचं मिली झालं. आईला ते इतकं आवडलं की खरं नाव आता फक्त सहीपुरतं उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेने एक जुना काटा भंगारात काढला. दमट हवेत त्याचे आकडे सरकायचे. मिलीने तो घरी आणला आणि दर रविवारी सकाळी मापट्याचं वजन घ्यायची पद्धत सुरू केली. बाबा त्याला उचलून काट्यावर ठेवायचे, मिली आकडा वाचायची, बाबा कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत तो लिहायचे. शंभरेक रविवार तो आकडा जवळजवळ तोच राहिला. चार किलो सहाशे. दहा-वीस ग्रॅम इकडे किंवा तिकडे.

"हा बोका नाहीच," मिली म्हणायची, "हे आपल्या घरचं प्रमाणित वजन आहे. फक्त याला मिशा आहेत."

घात झाला तो या विनोदाने.

चारेक महिन्यांपूर्वी आकडा उतरू लागला. पाचशे ऐंशी, पाचशे वीस, साडेचारशे. सहाव्या रविवारी चार किलो तीनशे. बाबा म्हणाले, "हलका लागतोय गं."

मिलीने काट्याच्या कडेला टिचकी मारली. "बाबा, बोका तोच आहे. काटा सरकलाय. भंगारातला आहे, सरकणारच."

सरकलेल्या काट्याला ताळ्यावर आणायची रीत सोपी असते. ज्याचं वजन आधीपासून पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू त्याच्यावर ठेवायची, आणि बटण दाबून काट्याला सांगायचं, हे एवढं आहे, इथून पुढे असंच मोजत जा. प्रयोगशाळेत ती वस्तू म्हणजे पेटीत जपलेलं पोलादी वजन. ते बाहेर न्यायचं तर परवानगी, नोंदवही, सही. एका मांजरासाठी एवढा खटाटोप कोण करतो? आणि पक्क्या वजनाची वस्तू तर समोर बसून पंजा चाटतच होती. मिलीने बटण दाबलं आणि काट्याला सांगितलं, चार किलो सहाशे.

काटा आज्ञाधारक होता. बाबांनी चौकटीत चार सहाशे लिहिलं.

पुढच्या रविवारी आकडा पुन्हा घसरू लागला. चार आठवड्यांनी तिने पुन्हा तेच केलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेला बाबांनी मापट्याला काट्यावरून उचलल्यावर खाली सोडलंच नाही. हातात तोलत उभे राहिले. "मिली, हा चार सहाशे नाही. माझा हात सांगतोय."

त्या दिवशी तिला दुपारची गाडी पकडायची होती. परगावच्या कारखान्यात आठ दिवसांचं काम होतं, बॅग भरायची राहिली होती. ती हसत म्हणाली, "बाबा, हात म्हातारा होतो. काटा नाही होत."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मापट्याला खाली ठेवलं.

परत आली तेव्हा मापट्या कपाटामागे अंग चोरून बसला होता आणि खात नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने आणि बाबांनी त्याला टोपलीतून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या काट्याने दाखवलं, तीन किलो सातशे.

"तुमचा काटा कधी तपासलाय?" मिलीने पटकन विचारलं. सवयच ती.

डॉक्टरीणबाईंनी काटा तिच्याकडे वळवला. मागच्या बाजूला चिकटपट्टी होती, दीड महिन्यापूर्वीची तारीख, आणि खाली सही. मिलीची.

बाबा टोपली बंद करायला बाहेरच्या बाकावर गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मानेतल्या ग्रंथीचं दुखणं आहे. दोन-तीन महिने वजन उतरत असणार. तुमच्या लक्षात कसं आलं नाही? दोनेक महिने आधी आणला असता तर गोळ्यांवर वर्ष-दोन वर्षं काढली असती यानं. आता हृदय थकलंय." बाबांना मिलीने यातलं शेवटचं वाक्यच सांगितलं.

मापट्या त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी गेला. बाबांच्या पोटावर.

त्या संध्याकाळी बाबांनी कॅलेंडर समोर धरून हिशोब मांडला. "तू गेलीस त्या दिवशी चार सहाशे. आलीस तेव्हा तीन सातशे. माझ्या आठ दिवसांत नऊशे ग्रॅम. मागची खिडकी मी मंगळवारी उघडी टाकली होती. बाहेर जाऊन काहीतरी विषारी खाऊन आला असेल. आणि त्या आधी मी म्हणत होतो, हलका लागतोय म्हणून. चांगला धडधाकट होता तेव्हा हलका लागत होता! मग हाताला कळतं तरी काय माझ्या?"

मिलीने तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण आईने मध्येच ताटं वाढली, आणि त्या एका मिनिटात तिला एक चांगली, शास्त्रशुद्ध पळवाट सापडली. आपण घरचा काटा अजून तपासलेला नाही. तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो.

या वाक्याच्या आडोशाला ती वीस दिवस बसली होती. आणि त्या वीस दिवसांत बाबांनी कामाच्या टेबलावर काटा आणला, प्रत्येक गोळा दोनदा तोलायला लागले, आणि शेवटी स्वतःच्या जागी दुसरा माणूस बोलावला.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तिच्यापुढे एका औषधांच्या दुकानाचा काटा होता. अर्ध्या तासाचं काम. तिने वजन ठेवलं, आकडा लिहिला, वजन काढलं, पुन्हा ठेवलं. आकडा तोच आला. तरी तिला वाटलं, वजनच चुकीचं असेल तर? तिने दुसऱ्या पेटीतलं वजन आणलं. तेही तेच म्हणालं. दोन्ही पेट्या एकदमच चुकल्या असतील तर?

"मिलीग्रॅम," साहेब मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर. "सकाळपासून हा एकच काटा. याला मांडीवर घेऊन जोजवतेयस की काय?"

"खात्री करत होते, सर."

"किती वेळा?"

तिने कागदाकडे पाहिलं. "एकवीस."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. ते तिरसट होते, पण आंधळे नव्हते. "घरी सगळं बरं आहे ना?"

"सर, दोन किलोचं वजन सुट्टीपुरतं घरी नेऊ का? नोंद करून. घरचा काटा तपासायचाय."

"तो भंगारातला? त्याला काय तपासायचं, तो खोटारडा आहे म्हणून तर काढला."

"किती खोटारडा ते बघायचंय."

साहेबांनी नोंदवही तिच्याकडे सरकवली. "बोटं लावू नकोस. आणि सोमवारी दहाच्या आत परत."

संध्याकाळच्या बसमध्ये ती लाकडी पेटी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. दोन किलो. तीन शुक्रवारांपूर्वी तिने मांडीवर याहून जड काहीतरी धरलं होतं, आणि तेही असंच हलत नव्हतं. तिने खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. एका दुकानाच्या पायरीवर करडं मांजर बसलं होतं. तिने लगेच मान वळवली आणि बसचे थांबे मोजत बसली.

घरी आल्यावर पेटी तिने पलंगाखाली सरकवली. शुक्रवारी रात्री काही केलं नाही. शनिवारी सकाळी काटा बाहेर काढला, पुसला आणि पुन्हा आत ठेवला. काटा स्थिर व्हायला चालू करून अर्धा तास ठेवावा लागतो, आणि अर्धा तास आपल्याला सलग मिळणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. सुट्टीचा दिवस होता, काही काम नव्हतं.

दुपारी तीनला खालून आईचा आवाज आला. "अहो, कारागिराचा निरोप आलाय. उद्या संध्याकाळी येऊन भट्टी बघून जातो म्हणतोय. काय सांगू?"

"ये म्हणावं."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना."

मिली उठली. आता हात थरथरत होते, आणि थरथरत्या हाताने वजन ठेवू नये असा नियम होता. म्हणजे आणखी एक पळवाट. ती तिला ओळखू आली. तिने काटा जमिनीवर ठेवला, सपाट आहे ना ते पाहिलं, चालू केला, आणि समोर मांडी घालून अर्धा तास घड्याळाकडे बघत बसली. तहान लागली होती, पण पाणी प्यायला उठली तर परत बसणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

साडेतीन. तिने हातमोजे चढवले, पेटी उघडली, वजन उचलून काट्याच्या मधोमध ठेवलं.

दोन किलो साडेचारशे.

काढलं. शून्य. पुन्हा ठेवलं. दोन किलो साडेचारशे.

काट्यावर दोन किलो ठेवले की तो अडीचच्या जवळ सांगत होता. म्हणजे ती परगावी निघाली त्या रविवारी ज्याला तो चार सहाशे म्हणाला, तो मापट्या खरा किती होता, एवढं गणित करायला तिला कागद लागला नाही. तीन किलो साडेसातशे. आठ दिवसांनी तीन सातशे. बाबांच्या आठ दिवसांत पन्नास ग्रॅम. बाकी सगळं त्याआधी, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या बटणाखाली.

तिला वाटलं होतं की खात्री झाल्यावर निदान छातीतली धडधड थांबेल. ती वाढली.

"काय चाललंय? चहा घ्यायला हाका मारतेय मी," आई दारात होती. तिच्या मागे बाबा, हाताला पीठ. दोघांनी आधी काट्याकडे पाहिलं. मापट्या गेल्यापासून त्यांनी तो बाहेर पाहिला नव्हता.

"बाबा, बसा जरा."

"ट्रे तसेच पडलेत खाली."

"पडू देत. बसा."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. बाबा पलंगाच्या कडेला बसले, हात गुडघ्यांवर उपडे ठेवून, चादरीला पीठ लागू नये म्हणून.

"हे दोन किलोचं वजन आहे. ऑफिसातलं. खरं." तिने आकड्याकडे बोट दाखवलं. "आणि काटा हे सांगतोय."

आई वाकली. "दोन साडेचारशे? मग हा मेला तर जास्तच दाखवतोय."

"मी दाखवायला लावलं. तीनदा. आकडा उतरला की मला वाटायचं काटा बिघडला. मग मी मापट्याला वर ठेवून त्याला सांगायचे की हे चार सहाशे आहे. खरं वजन आणायला हवं होतं. मी मापट्यालाच खरं वजन धरलं. तो कमी होत होता आणि मी दर वेळी काट्याला खोटं शिकवत होते." तिने हातमोजे ओढून काढले. "तुमच्या आठ दिवसांत नऊशे नाही गेले, बाबा. पन्नास गेले. खिडकीचा काही संबंध नाही. तुमचा हात बरोबर होता. पहिल्या दिवसापासून."

बाबा काट्याकडे बघत राहिले. दोन साडेचारशेचा हिरवा आकडा जराही हलत नव्हता.

"पन्नास," ते म्हणाले.

"हो."

"हे तुला आत्ता कळलं?"

इथे ती हो म्हणू शकली असती. वजन समोर होतं, पेटी उघडी होती, साक्षीला आई होती. बाबांनी मानलं असतं.

"नाही. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर माझी सही दिसली तेव्हाच कळलं होतं. तपासलं आत्ता."

"म्हणजे वीस-पंचवीस दिवस."

"हो."

"मी खाली एकेक गोळा तोलत होतो ते तू जिन्यातून बघत होतीस."

"हो."

आई म्हणाली, "अहो..."

"तू थांब." बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मिलीला बरं वाटलं असतं. "अजून काही आहे?"

होतं. ते सांगायची गरज नव्हती. बाबांवरचं ओझं उतरलं होतं, काम झालं होतं. पण अर्धं माप सांगून सही करायची नसते, हे एवढंच तिला येत होतं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतल्या ग्रंथीचं दुखणं होतं, दोन महिने आधी आणला असता तर जगला असता. वर्ष, दोन वर्षं. तुम्ही टोपलीपाशी होता तेव्हा."

बाबांनी हात उलटे केले. तळव्यांवरच्या रेषांत पीठ वाळलं होतं. मग ते जे बोलले ते मिलीने केलेल्या एकाही हिशोबात नव्हतं.

"म्हणजे मला कळत होतं," ते म्हणाले. "दोन महिने मला कळत होतं, आणि मी गप्प बसलो."

"नाही, बाबा, तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणालो. म्हटलं आणि सोडून दिलं. चाळीस वर्षं हाताने काम केलं. उचलून टोपलीत घालायचा आणि न्यायचा डॉक्टरकडे. तुझी परवानगी लागत होती का मला? पण पोरगी शिकलेली, तिला काटा कळतो, आपल्याला काय कळतंय..."

तिला वाटलं होतं की खरं सांगितलं की बाबा मोकळे होतील. एक गळ काढायला गेली आणि दुसरा अडकवून बसली. "चूक माझी आहे," ती घाईघाईने म्हणाली, "पूर्ण माझी. तुम्ही मध्ये येऊच नका!"

"का येऊ नको? बोका काय तुझ्या एकटीचा होता?"

"पुरे," आई म्हणाली. इतक्या जोरात की खाली कुणी गिऱ्हाईक असतं तर परत गेलं असतं. "एकीने बटण दाबलं, एक गप्प बसला. आणि मी? मी रोज त्याच्या ताटलीतलं उरलेलं उचलून टाकत होते. म्हणत होते, माजलाय मेला, नखरे करतो. मीही येऊ का तुमच्या रांगेत? आता तिघांनी किती किती पाप घ्यायचं ते यावर ठेवून बघा, हा आहेच काटा!" आणि ती पलंगावर बाबांच्या शेजारी बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. मापट्या गेल्यापासून ती रडली नव्हती. ज्याला दहा वर्षं मेला म्हणत होती, तो खरंच मेल्यावर तिच्याकडे म्हणायला काही उरलं नव्हतं.

बाबांनी पिठाचा हात तिच्या पाठीवर ठेवला. पाठीवर पांढरा पंजा उमटला.

मिली जमिनीवरच बसून होती. वजन अजून काट्यावर होतं. ते उचलून पेटीत ठेवायला हवं हे तिला कळत होतं, पण हलायची भीती वाटत होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते कदाचित बरेच दिवस बघणार नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि ते किती दिवस हे कुठल्याच उपकरणाने मोजता येणार नाही.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "ते कॅलेंडर आण."

तिने भिंतीवरून काढून आणलं. तीन महिन्यांची पानं. पहिल्यांदाच तिने ते आकडे एका ओळीत पाहिले. उतरत, उतरत आणि एकदम वर. पुन्हा उतरत, एकदम वर. करवतीच्या दात्यांसारखे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलानेही बघून सांगितलं असतं की इथे कुणीतरी हात घातलाय.

"खरं किती ते काढता येईल?" बाबांनी विचारलं. "प्रत्येक रविवारचं?"

"येईल. बटण दाबायच्या आधीचे आकडे मला आठवतात, आणि एकूण किती खोटं शिकवलं ते आता कळलंय."

"काढ. पण थांब. आधी मी सांगतो, मग तू गणित कर."

तिने पेन्सिल घेतली. पहिले पाच रविवार खरेच होते, आणि सहाव्याचा खरा आकडा, चार तीनशे, दोघांनाही पाठ होता. सातवा तिने वाचला. बाबांनी डोळे मिटले, दोन्ही हात पुढे धरले, एक खाली, एक थोडा वर, बोक्याची छाती आणि मागचे पाय पेलायला लागतात तसे.

"चार किलो अडीचशे."

तिने गुणाकार केला, भागाकार केला. चार दोनशे त्रेपन्न. तिने आकडा वाचून दाखवला, पण बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"पुढचा."

"कॅलेंडरवर चार चारशे सत्तर आहे."

"ते नको सांगू. कुठला रविवार ते सांग."

"आईने पडदे धुतले तो."

"हां. पडद्यामागून काढला त्याला. चार पावणेदोनशे." हात किंचित वर आले. "इथे बरगडी लागायला लागली बोटाला."

चार एकशे ऐंशी. मिलीने लिहिलं. पुढचा चार एकशे, दोघांचाही. त्यापुढचा चार, तिच्या गणिताने बरोबर चार, बाबांच्या हाताने "चार, नाहीतर दहा-वीस कमी". आई पदर खाली घेऊन ऐकत होती. असे ते एकेक रविवार उतरत गेले, आणि दर रविवारी बाबांचे हात थोडेसे वर येत होते, आणि मिलीला दिसत होतं की त्या हातांत काय कमी होत चाललंय. अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा तिने मनगटाने डोळे पुसले आणि पुढचं गणित केलं. तीन नऊशे दहा. तीन आठशे तीस. एकदा बाबा तीस ग्रॅमनी चुकले. एकदा ती चुकली, गुणाकारात, आणि बाबा म्हणाले, "पुन्हा कर, एवढा नव्हता." पुन्हा केल्यावर नव्हता.

"तू गेलीस तो रविवार," बाबा म्हणाले. "पावणेचार."

"तीन साडेसातशे. हो."

खाली भट्टीजवळ पिठाचे ट्रे फुगून बसले असणार, हे तिघांनाही माहीत होतं. आई डोळे पुसत उठली. "त्या कारागिराला काय सांगू? नको म्हणू?"

"तू आत्ता काही सांगू नकोस," बाबा म्हणाले. "उद्या येऊन जाऊ दे. मला बघू दे त्याचा हात कसाय." मग मिलीला म्हणाले, "आणि तुझ्याशी मला बोलायचंय. आज नाही. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

"बरं."

"बरं काय. भिऊन काय बघतेस अशी? बोलणार आहे म्हटलं, खाणार नाही."

तिने मान हलवली. भीती गेली नव्हती. पण आता ती कशाची आहे हे बाबांनाही माहीत होतं.

कॅलेंडरवर एक चौकट राहिली होती. ती परगावी असतानाचा रविवार. कोरी.

"हा?" तिने विचारलं. "तुम्ही ठेवलाच नव्हता का काट्यावर?"

बाबांनी डोळे उघडले. "ठेवणार होतो. उचलला आणि पुन्हा खाली सोडला." ते थांबले. "आकडा बघायची भीती वाटली."

"पण उचलला होता."

"उचलला होता."

"किती लागला?"

बाबांनी हात पुन्हा पुढे धरले. या वेळी त्यांना बराच वेळ लागला.

"तीन सातशे," ते म्हणाले. "वर दहा-पंधरा असतील. जास्त नाही."

या चौकटीसाठी करायला काही गणित नव्हतं. मिलीने तीन किलो सातशे दहा असं लिहिलं.